गोवा सत्याग्रहींवरचा माहितीपट: पहिल्या अर्जापासून पहिल्या खेळापर्यंतची तीन वर्षं

माहितीपट झाला ५६ मिनिटांचा. त्यासाठी तीन वर्षं, २७ दिवसांचं चित्रीकरण, ४३ तासांचं फुटेज, सात लाख २८ हजार रुपये आणि चार बॉक्सफायली भरून कागद लागले. आपल्या गावातल्या एखाद्या स्वातंत्र्यसैनिकावर, निवृत्त जवानावर किंवा विस्मरणात गेलेल्या शिक्षकावर कुणाला फिल्म करायची असेल, तर त्यांच्यासाठी हे क्रमानं लिहून ठेवतोय. कॅमेरा कुठला घ्यावा यावर इथे फारसं काही नाही. कागद कुठे मिळतो आणि माणूस कसा बोलतो यावर आहे, कारण आमचा वेळ तिथेच गेला.

विषय १९५४-५५ चा गोवा सत्याग्रह. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याआधी मे महिन्यापासूनच सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यासारख्यांच्या तुकड्या जात होत्या. पुढाऱ्यांबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. आम्हाला हवे होते ते तुकडीत मागच्या रांगेत चालणारे: यंत्रमागावरचा कामगार, शिंपी, नुकताच नोकरीला लागलेला प्राथमिक शिक्षक. मार खाऊन सरहद्दीवर परत आणून सोडलेले, चौथ्या दिवशी पुन्हा कामावर हजर झालेले आणि त्यानंतर आयुष्यभर ठरलेल्या भाषणापलीकडे त्याबद्दल फारसं न बोललेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुरुवात केली, ती चुकीच्या टोकाकडून. फेसबुकवर आवाहन टाकलं. आठवड्यात साठेक फोन आले आणि त्यांतले बहुतेक पुढाऱ्यांच्या नातवंडांचे होते. सामान्य सत्याग्रहीचं घर इंटरनेटवरून सापडत नाही. ते सापडतं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाच्या यादीत, तालुक्याच्या ध्वजारोहणाला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांच्या निमंत्रण यादीत आणि जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपालाच्या डोक्यात. या तिन्हींपैकी ग्रंथपाल सगळ्यात जलद.

निवृत्तिवेतनाची फाइल का महत्त्वाची, ते सांगतो. तिच्यात अर्जदारानं स्वतः लिहून दिलेली हकीकत असते, प्रतिज्ञापत्र असतं, सोबतच्या सत्याग्रहीचा दाखला असतो, कधी तुरुंगाचा कागद असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी, स्मरण ताजं असताना लिहिलेली ती हकीकत. आज नव्वदीतला माणूस जे सांगतो ते त्या हकिकतीशेजारी ठेवून वाचलं की काय गळलं आणि काय नंतर चिकटलं हे लगेच दिसतं.

फाइल मिळवायचे दोन रस्ते. घरच्यांनी स्वतःच्या नावानं साधा अर्ज करून नक्कल मागणं हा सोपा. घरचे नसतील किंवा परगावी असतील तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. छायाप्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. अशा वेळी कायद्याचं कलम ८(३) दाखवावं: वीस वर्षांहून जुन्या घटनेच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. आम्ही नऊ अर्ज केले. चार फायली मिळाल्या, दोन अपिलात मिळाल्या, तीन ठिकाणी ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं. त्यांतली एक फाइल पुढे आठ महिन्यांनी, दुसऱ्याच वर्षाच्या गठ्ठ्यात सापडली. म्हणून अर्जात नुसतं नाव लिहू नका. मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि वर्ष लिहा. तो क्रमांक बँकेच्या जुन्या पासबुकाला टाचलेल्या कागदावर बहुधा असतो.

शेवटी आठ माणसं नक्की झाली. पाच सत्याग्रही, वय ८६ ते ९३. एका सत्याग्रहीची पत्नी. आणि दोन मुली, ज्यांचे वडील हयात नव्हते पण घरात त्यांच्या वह्या होत्या. यादी झाल्याबरोबर चित्रीकरण सुरू करायला हवं होतं. आम्ही मात्र अनुदानाचा अर्ज करून पाच महिने उत्तराची वाट पाहिली. ते आलं नाही आणि तेवढ्यात पाचांपैकी एक आजोबा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे फक्त फोनवरच्या अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. तेव्हापासूनचा नियम: माणूस सापडला की त्याच आठवड्यात, मोबाइलवर का होईना, एक मुलाखत करून ठेवायची. चांगला कॅमेरा नंतर.

मे २०२३ मध्ये खरी सुरुवात झाली. पहिलं काम संमतीपत्राचं. मोठ्या संस्थांचे छापील नमुने इथे चालत नाहीत, कारण समोरच्याला ते वाचताच येत नाहीत. आम्ही एका पानावर, मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत लिहिलं: हे चित्रीकरण कशासाठी, कुठे कुठे दाखवू, पैसे मिळणार नाहीत, संकलन पूर्ण होईपर्यंत ‘हे वगळा’ म्हणायचा अधिकार तुमचा. कॅमेरा चालू ठेवून ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मग सही किंवा अंगठा. फोटो, पत्रं, वह्या यांची वेगळी पावती करायची: काय नेलं, कधी नेलं, कधी परत. घरातल्या जुन्या फोटोवर मालकी सांगणारे तीन भाऊ असतात. पावतीवर तिघांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या.

मुलाखतीबद्दल. वयस्कर माणसाची सर्वांत चांगली वेळ सकाळचा चहा-नाश्ता झाल्यानंतरची, साडेनऊ ते अकरा. एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यानंतर उत्तरं लहान होतात आणि माणूस ‘भाषणात’ शिरतो. हे भाषण हीच या विषयातली मोठी अडचण. सत्तर वर्षं दर स्वातंत्र्यदिनी शाळेत बोलून बोलून त्यांची एक हकीकत घोटून तयार झालेली असते आणि ‘त्या वेळी काय वाटलं?’ असं विचारलं की तीच येते. ती आली तर अडवू नका, पूर्ण होऊ द्या. मग छोट्या वस्तूंवर या. पायात काय होतं? खिशात किती पैसे होते? झेंडा कुणाच्या हातात होता, काठी कसली होती? तुमच्या पुढे कोण चालत होतं? मार बसल्यावर चष्म्याचं काय झालं?

इचलकरंजीकडच्या एका आजोबांनी ‘पायात काय होतं’ या प्रश्नावर बराच वेळ स्वतःच्या पावलांकडे बघितलं आणि म्हणाले, “डाव्या पायात काही नव्हतं.” पुण्याहून मीटरगेजच्या गाडीनं बेळगाव, तिथून आंबोली घाटानं सावंतवाडी, मग बांद्यापर्यंत चालत, त्या चालण्यात पावसात डावी चप्पल चिखलात रुतून राहिली. तुकडीला थांबता येत नव्हतं. उजवी त्यांनी काढून शबनम पिशवीत टाकली, कारण घरी गेल्यावर डावी नवी शिवून घेता आली असती. पिशवी पोलिसांनी काढून घेतली. चप्पल गेली याची चुटपुट ते सांगत असताना त्यांचा हात आपोआप खांद्यावरचा पट्टा सावरत होता. पट्टा अर्थातच नव्हता. फिल्ममध्ये सगळ्यांच्या लक्षात राहतो तो हा दीड मिनिट.

आवाजाची काळजी चित्रापेक्षा जास्त घ्या. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढायचा (आणि गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, म्हणजे निघताना प्लग लावायची आठवण राहते), कुकरची वेळ घरच्यांना आधी विचारायची. श्रवणयंत्र शिट्टी वाजवत असेल तर जवळचा कॉलर माइक ती पकडतो. तो दुसऱ्या बाजूला, छातीच्या मध्यावर लावायचा. कवळी सैल असेल तर शब्दांमध्ये टकटक येते, पण ती काढायला सांगू नका, उच्चार जातात. धोतर-सदऱ्यात खिसा नसेल तर ट्रान्समीटर खुर्चीच्या मागे टेपनं चिकटवा. प्लॅस्टिकची खुर्ची कुरकुरते. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्या. संकलनात तो नसला की तोडलेली वाक्यं ऐकताना खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं.

बॅकअपचा हिशोब सरळ आहे. १०० मेगाबिटच्या वेगानं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी. ४३ तासांचे झाले दोन टीबीच्या जरा खाली. आम्ही चार हार्ड डिस्क घेतल्या, २८ हजार लागले. दोन प्रती घरात आणि एक दुसऱ्या गावात, चौथी संकलकाकडे. मुलाखत संपल्यावर कार्ड त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय पुसायचं नाही.

जून ते सप्टेंबर २०२३ हा काळ गोव्याच्या बाजूचा. पत्रादेवी, बांदा, तेरेखोल, आग्वाद. पावसातच करायचं ठरवलं होतं, कारण घटना ऑगस्टमधली. उन्हात चमकणारा कोरडा कातळाचा सडा दाखवून ‘मुसळधार पाऊस होता’ असं निवेदनात म्हणणं बरं दिसत नाही. परवानग्या मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. रस्त्यावर आणि गावात ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला पत्र, पोच घेऊन. गोव्यातल्या चित्रीकरणासाठी एन्टरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या स्मारकाला त्या खात्याची वेगळी परवानगी. आग्वादच्या बाबतीत वरचा किल्ला आणि खालचा जुना तुरुंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घ्या. अर्ज चुकीच्या दारात गेला की तीन आठवडे जातात. आमचे गेले. तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे, कोठड्या रंगवून स्वच्छ केल्या आहेत. पाहायला छान, पण १९५५ म्हणून दाखवता येत नाही. आम्ही फक्त खिडक्या, गज आणि खालचा समुद्र घेतला.

ड्रोनचं स्वप्न पत्रादेवीला मिटलं. सरहद्दीवरचा तो सगळा पट्टा वरून दाखवायचा होता. पण २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाला आणि तो तिथून जवळ. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं लागू होतात. त्यातल्या जवळच्या भागात परवानगीशिवाय उडवताच येत नाही. निघण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ठिकाण बघायचं, एवढंच करायला हवं होतं. भाड्याच्या ड्रोनचे दोन दिवसांचे ११ हजार वाया. तो शॉट नाही याचं आता वाईट वाटत नाही. ज्यांनी ती वाट चालत पार केली, त्यांची गोष्ट आकाशातून सांगण्यात तसाही अर्थ नव्हता.

झेंड्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. आम्हाला एक छोटं नाट्यरूपांतर करायचं होतं: झेंडा हिसकावला जातो, चिखलात पडतो. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ आणि ध्वजसंहिता, दोन्ही वाचले आणि खरा तिरंगा जमिनीवर टाकण्याचा विचारच सोडला. नुसती काठी वापरली, तीही कंबरेखालून. हात, काठी, पाण्यानं भरलेली गाडीवाट. आवाज तो प्रसंग सांगणाऱ्या आजोबांचाच. हा प्रसंग पाहून अनेकांनी ‘झेंडा पाहिला’ असं सांगितलं; फ्रेममध्ये तो नाही.

शेवटी एका शाळेत राष्ट्रगीत चालू असतानाचं दृश्य आहे. खेळ सुरू असताना लोकांनी उभं राहायचं का, हे प्रत्येक आयोजक विचारतो. गृह मंत्रालयाच्या सूचनांत याचं उत्तर आहे: माहितीपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही. त्या सूचनांची प्रत खिशात ठेवा, सभागृहात वाद होत नाहीत.

ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ अभिलेखागार. वर्तमानपत्रांसाठी पुण्या-मुंबईतली जुनी ग्रंथसंग्रहालयं आणि पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. पोर्तुगीज कागदांसाठी पणजीचं पुराभिलेख संचालनालय. अर्ज, ओळखपत्र, विषयाचं पत्र. एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र असेल तर सोपं जातं. आधी फोन करून वाचनकक्षाची वेळ विचारा आणि सुट्ट्यांची यादी बघा. आम्ही एकदा कार्निव्हलच्या सोमवारी गेलो.

इथली खरी अडचण नावांची. पोर्तुगीज कारकून मराठी नाव आपल्या कानानं लिहीत. ‘श’साठी एक्स: शंकर, शामराव, गणेश सगळे एक्सचे. केशव शोधायचा तर तो क्यू या अक्षराखाली सापडतो आणि मध्ये पुन्हा एक्स. कामत सी खाली, नाईकच्या शेवटी क्यू, देसाईत दोन एस. के हे अक्षर त्या लिपीत जवळपास वापरातच नाही, त्यामुळे के खाली शोधत बसलेला माणूस दिवस घालवतो. आम्ही प्रत्येक नावाची पाच-सहा रूपं कागदावर लिहून मगच सूची उघडली. त्यानंतर तीन दिवसांत दोन नावं सापडली. आधीच्या दोन आठवड्यांत एकही नाही.

भाषांतराला पानामागे ४०० रुपये, ११० पानं, ४४ हजार. सगळी पानं भाषांतराला देऊ नका. आधी भाषांतरकाराबरोबर एक दिवस बसून प्रत्येक कागद काय आहे एवढंच एका ओळीत लिहून घ्या. निम्मे कागद पोच आणि पाठवणीचे असतात. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात पोर्तुगीज राजकीय पोलिसांचे दप्तर आहे, पण आमचं बजेट पणजीतच संपलं.

स्मरण आणि कागद जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, यावर आमच्यात सर्वांत जास्त भांडणं झाली. दोघा आजोबांनी ‘१५ ऑगस्टला’ म्हणून सांगितलं आणि त्यांची तुकडी वर्तमानपत्राप्रमाणे त्याआधीच्या महिन्यात गेली होती. १५ ऑगस्ट ही तारीख इतकी मोठी आहे की आसपासच्या तारखा ती गिळून टाकते. आमच्यापैकी एकानं सुचवलं, आवाज ठेवूया आणि तारीख कापूया. तसं केलं नाही. आवाज तसाच ठेवला आणि खाली कागदाची तारीख दाखवली. पण त्याआधी घरी जाऊन ते कात्रण त्यांना वाचून दाखवलं, म्हणजे पडद्यावर त्यांचा खोटेपणा निघाला असं होऊ नये. एक म्हणाले, “मग तसं असेल.” दुसऱ्यांनी मान्य केलं नाही. दोघांचंही फिल्ममध्ये तसंच आहे. गोळीबारातल्या मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा मिळतो. आम्ही आकडा घातला नाही.

जुन्या चित्रफितींबद्दल गैरसमज फार. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५५ साली प्रदर्शित झालेलं वार्ताचित्र २०१५ अखेर मुक्त झालं, १९६१ चं २०२१ अखेर. (डिसेंबर १९६१ मधली लष्करी कारवाई दाखवणारी फीत १९६२ मध्ये प्रदर्शित झाली असेल तर एक वर्ष पुढे.) पण कॉपीराइट संपला म्हणजे चांगली प्रत फुकट मिळते असं नाही. प्रत ज्यांच्याकडे आहे ते स्कॅनिंगचे आणि पुरवठ्याचे पैसे घेतात, आणि ते रास्त आहे. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह २०२२ च्या विलीनीकरणानंतर एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे. यूट्यूबवरून उतरवलेली प्रत वापरायच्या मोहात पडू नका. मोठ्या पडद्यावर तिचे चौकोन दिसतात. कविता-गाण्यांचा हिशोब वेगळा, कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. १९८४ मध्ये निधन झालेल्या कवीची ओळ २०४४ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाही. आम्हाला हवी होती ती अशीच एक ओळ. वारसांचा पत्ता सापडेना, म्हणून सोडली. फिती, फोटो आणि कात्रणांचे स्कॅन मिळून ६१ हजार गेले.

संकलन एप्रिल ते नोव्हेंबर २०२४. आधी सगळ्या मुलाखती शब्दशः लिहून काढल्या. एका तासाला सहा तास लागतात; बोलीतल्या बोलण्याला यंत्राची मदत फारशी झाली नाही, ‘बांदा’चं सगळीकडे ‘बांधा’ झालं. मग कागदावर कात्री. संकलनाला एक लाख २० हजार, ध्वनिमिश्रण आणि संगीताला ८५ हजार. संगीताच्या पहिल्या मसुद्यात तुताऱ्या आणि ढोल होते. ते ऐकल्यावर चप्पल गेल्याची चुटपुट सांगणारा माणूस अचानक पुतळा झाला. सगळं काढून टाकलं. एक हार्मोनियम ठेवली, तीही मुलाखतींखाली नाही.

इथेच एक घोळ झाला. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमनं केलेलं, संकलन ५८ मिनिटं १० सेकंदांचं. एका महोत्सवाची मर्यादा ६० मिनिटांची, म्हणून निर्धास्त होतो. सिनेमागृहात लावायची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, त्यांनी २४ फ्रेमची मागितली. २५ चे २४ केले की लांबी चार टक्क्यांनी वाढते. फिल्म ६० मिनिटं ३५ सेकंदांची झाली आणि बाद. शिवाय आवाज चार टक्के जड होतो, आजोबा अजूनच म्हातारे वाटतात. पुन्हा बसून दोन मिनिटं कापली, आवाजाची पट्टी दुरुस्त केली. सिनेमागृहाचा विचार असेल तर सुरुवातीपासूनच २४ ला करा. शटर १/५० सेकंदावर ठेवलं की आपल्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राच्या तयारीला लागलो. यूट्यूबवर टाकायला प्रमाणपत्र लागत नाही. सिनेमागृहात तिकीट लावून दाखवायचं तर लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. आधी करून ठेवायच्या गोष्टी: संवादांची अंतिम प्रत (फिल्ममध्ये जे ऐकू येतं तेच, शब्दशः), सारांश, वापरलेल्या प्रत्येक फितीचं-फोटोचं परवानगीपत्र, आणि उपशीर्षकं घातलेलीच प्रत, नंतर घालत बसलात तर पुन्हा कागद. दोन शॉट आम्ही अर्जाआधीच काढले. एकात बैलगाडी होती, आणि प्राणी दिसले की प्राणी कल्याण मंडळाच्या कागदांचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यात एक आजोबा विडी ओढत होते. तंबाखू दिसली की इशारा आणि आरोग्य संदेश फिल्मला जोडावे लागतात. त्या विडीच्या शॉटचं मात्र दुःख आहे, प्रकाश सुंदर होता.

अर्ज १० मार्चला, प्रमाणपत्र २९ एप्रिलला. मध्ये निवेदनातल्या एका वाक्याचा आधार विचारला गेला. कात्रणाची प्रत आणि ग्रंथालयाचा शिक्का दोन्ही फाइलीत होते, दुसऱ्या दिवशी पाठवले. मारहाणीच्या वर्णनांमुळे यूए ७+ (सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं) मिळालं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही. डीसीपी आणि प्रमाणपत्र मिळून २६ हजार.

पहिला खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये, सत्याग्रहाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, एका तालुक्याच्या गावच्या सभागृहात. तोवर आठांतले पाच जण उरले होते. व्यवस्था करताना लक्षात ठेवायच्या गोष्टी: चाकाची खुर्ची जाईल असा उतार, पुढच्या रांगेजवळ स्वच्छतागृह, आणि खेळ संध्याकाळी पाचला, सातला वयस्कर माणसं येत नाहीत. आवाज नेहमीपेक्षा वाढवा आणि मराठी फिल्मलाही मराठी उपशीर्षकं ठेवा, ऐकू न येणारे वाचतात. आम्ही सत्कार, शाल-श्रीफळ फिल्मनंतर ठेवलं होतं. ते आधी ठेवायला हवं होतं. फिल्म संपल्यावर व्यासपीठावर चढायच्या स्थितीत कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने वस्तू परत करण्यात गेले. पावत्या काढून एकेक फोटो, वही, पासबुक घरी पोचवलं, पावतीवर ‘परत मिळाले’ लिहून घेतलं. घरच्यांना फिल्मची प्रत दिली, पण बहुतेकांनी मागितली ती पूर्ण मुलाखत, न कापलेली, खोकल्यासकट. ती पेन ड्राइव्हवर द्यायची, टीव्हीला लावता येईल अशी. जुने टीव्ही एफएटी३२ पद्धतीनं तयार केलेलाच पेन ड्राइव्ह वाचतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून चाळीस मिनिटांची मुलाखत एमपी४ करून दोन जीबीच्या आत आणायची, फाइलचं नाव मराठीत न लिहिता नुसता आकडा द्यायचा, आणि निघण्यापूर्वी त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याच रिमोटनं एकदा लावून दाखवायची.